घाणेरी ओळखायला नाक लागते

मराठीच्या अध्यापकांनी तणांविषयी लिहू नये असा काही नियम नाही. पण तसा संकेत असावा, कारण आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणी या विषयाला हात घातल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. तो संकेत आम्ही का मोडत आहोत, हे आधी सांगून टाकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रमाधिकारीपद महाविद्यालयात बहुधा मराठीच्या माणसाच्या गळ्यात पडते. (विज्ञानवाल्यांना प्रात्यक्षिके असतात, वाणिज्यवाल्यांना वेळ नसतो, आम्हाला काय, कविता शिकवायच्या!) आम्हा दोघांच्याही गळ्यात ते आलटून पालटून पडले आहे. पुढे जे सांगायचे आहे ते त्या पदावर असताना घडले आणि त्याचा दोष आमच्याकडेही जातो.

२०२२ च्या जुलैमध्ये आमच्याकडे ‘आक्रमक परकीय वनस्पती निर्मूलन मोहीम’ निघाली. वरून आलेल्या सूचनेत म्हटले होते की, विद्यार्थ्यांनी मोबाइलवर एक ॲप उतरवून घ्यावे, त्याच्या साहाय्याने परिसरातील आक्रमक वनस्पती ओळखाव्यात, त्या समूळ काढाव्यात आणि आधीची व नंतरची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह सादर करावीत. सर्वाधिक नोंदी करणाऱ्या तुकडीला प्रमाणपत्र मिळणार होते. छायाचित्रे किती हवीत हे सूचनेत होते. काढण्यापूर्वी झाड कोणी तपासावे हे नव्हते. ही उणीव तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. शुद्धलेखनाच्या दोन चुका मात्र आल्या होत्या.

महाविद्यालयामागे सह्याद्रीचा एक उतार आहे. त्याच्या पायथ्याशी घाणेरी खरोखरच माजलेली आहे. विद्यार्थ्यांनी ती खणून काढली, आणि चांगली काढली. मग ते वर चढले. वर एकसारख्या उंचीची झुडपे दाटीने उभी होती. पाने समोरासमोर, कडा दातेरी, स्पर्श खरबरीत. पानाचे छायाचित्र पाहून ॲपने सांगितले : घाणेरी. दुसऱ्या मुलाने विचारले, तेच उत्तर. तिसऱ्या मुलीने विचारले, तेच. तीन मोबाइल म्हणजे तीन साक्षीदार असे सर्वांना वाटले. वास्तविक साक्षीदार एकच होता, त्याला तीनदा विचारले गेले होते. दुपारपर्यंत दोन-अडीच गुंठे उतार मोकळा झाला. आम्ही खाली सावलीत हजेरीपट भरत होतो.

चहाची किटली घेऊन वर गेलेल्या मावशींनी ढिगाकडे पाहिले आणि खाली येऊन आम्हाला विचारले, “सर, ती कारवी हाय. कुडाची कारवी. ती कशापायी उपटली?”

कारवी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सह्याद्रीच्या उतारांवर ही झुडपे हजारोंनी एकत्र वाढतात, आणि साधारण आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलतात. फुले आली, बी पडले की झाड मरते. पुढच्या पावसाळ्यात त्या बियांची नवी पिढी उगवते. आमच्या उतारावर २०१६ साली फुलोरा आला होता. म्हणजे ती रोपे पाच वर्षांची होती आणि फुलायला दोन वर्षे उरली होती. तिच्या काठ्यांचे कुड घालून, वर शेणमाती लिंपून या भागातल्या घरांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या. मावशींचे माहेरचे घर तसलेच होते. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली आणि ती अधिक बोचली. घाणेरी नुसती छाटली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून तिचे मूळ जमिनीखाली तोडावे लागते. विद्यार्थ्यांनी ही सूचना काटेकोरपणे पाळली होती. कारवी त्यांनी वेड्यावाकड्या रीतीने तोडली असती तर कदाचित पुन्हा फुटलीही असती. २०२४ च्या सप्टेंबरात समोरचा उतार जांभळा झाला. आमच्या उताराचा मधला पट्टा मातीच्या रंगाचा राहिला, आणि त्यावर एव्हाना रानमोडी आली होती.

या घटनेचा अहवाल यशस्वी मोहीम म्हणून गेला. त्यात नंतरची छायाचित्रे फार स्वच्छ दिसतात.

आता कोणी म्हणेल की, ही एका ॲपची चूक, किंवा तीन मुलांची, किंवा (हे अधिक खरे) दोन अध्यापकांची. त्यावरून तंत्रज्ञानाविरुद्ध ओरड कशाला? ओरड आम्ही तंत्रज्ञानाविरुद्ध करीत नाही. आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाले. फ्रान्समधील संशोधनसंस्थांचा प्लांटनेट प्रकल्प त्याच सुमाराचा. आपल्याकडील इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही २००८ चेच. या साधनांमुळे हौशी माणसांनी जगभर कोट्यवधी नोंदी केल्या आहेत, आणि एखादी नवी उपद्रवी वनस्पती एखाद्या प्रदेशात प्रथम कोठे दिसली हे कळण्यास त्यांचा मोठाच उपयोग होतो. आयनॅचरलिस्टवर तर यंत्राने सुचवलेले नाव पुरेसे मानत नाहीत. ओळख पटवणाऱ्या माणसांपैकी दोनतृतीयांशांहून अधिकांचे मत जुळले तरच नोंद संशोधनयोग्य ठरते. म्हणजे ज्यांनी ही साधने बनवली त्यांना यंत्राच्या मर्यादा ठाऊक होत्या. त्या मर्यादा आमच्याकडे येता येता वाटेत गळून पडल्या. तिकडे जी सूचना होती तिचा इकडे निवाडा झाला, आणि निवाड्याची अंमलबजावणी कुदळीने त्याच दुपारी झाली. आमचा आक्षेप या घाईला आहे.

यंत्र काय करते हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. ते झाड पाहत नाही. आधी नावे लावून ठेवलेल्या असंख्य छायाचित्रांशी आपल्या छायाचित्राचे साम्य किती, एवढे ते मोजते. तेव्हा ज्या वनस्पतीची छायाचित्रे अधिक, तिची ओळख त्याला अधिक पक्की. आणि जगात सर्वाधिक छायाचित्रे कोणाची असणार? जी जगभर पसरली तिची. घाणेरी ऑस्ट्रेलियात आहे, आफ्रिकेत आहे, हवाई बेटांवर आहे, आपल्या दारात आहे. तिचे पान, फूल, फळ, खोड सर्व बाजूंनी टिपलेले आहे. उलट सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर, एखाद्या सड्यावर पावसाळ्याचे काही आठवडे दिसणाऱ्या वनस्पतीची छायाचित्रे असून असणार किती? कारवीची आहेत, पण स्वाभाविकपणे लोक छायाचित्र काढतात ते फुलोऱ्याचे. उरलेली सात वर्षे कारवी हे एक हिरवे झुडूप असते आणि हिरव्या झुडपाकडे कोणी कॅमेरा रोखत नाही. परिणामी उपऱ्याला ओळखण्यात तरबेज असलेले यंत्र घरच्यालाच उपरा ठरवण्याचा धोका सर्वांत मोठा. जी वनस्पती जितकी स्थानिक, जितकी दुर्मीळ, तितका तिच्यावर चुकीचा आरोप येण्याचा संभव अधिक. एकाच परिसरात उगवणारे, एकाच बोलीत बोलले जाणारे जे जे काही असते, त्या सर्वांचे जागतिक कोशांपुढे असेच होते. भाषेच्या अध्यापकांना हे नवे नसावे.

मावशींनी कारवी कशी ओळखली, हे आम्ही नंतर विचारले. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मग त्यांनी घाणेरीचे पान चुरगळून आमच्या नाकाशी धरले, आणि तिच्या फांदीवरून उलटा हात फिरवायला सांगितले. बारीक आकडेदार काटे बोटात रुतले. कारवीला काटे नसतात, आणि तिच्या पानाला तो उग्र दर्प नसतो. दोन क्षणांचे काम. कॅमेऱ्याला नाक नसते आणि बोटेही नसतात, एवढाच त्याचा दोष. पण आमच्या विद्यार्थ्यांना दोन्ही होती.

येथे आम्ही आमच्या विषयाकडे येतो. ‘घाणेरी’ या नावातच तिच्या ओळखीची कसोटी सांगितलेली आहे : हिचा वास घ्या. आपल्याकडील तणांची नावे या दृष्टीने पाहावीत. रान मोडते ती रानमोडी. जंगल तोडले, जमीन उघडी पडली की तेथे ही कशी घुसते याचे अख्खे निरीक्षण त्या एका समासात आहे. तोडून कोठेही फेकली तरी ओल मिळताच मुळे धरते ती बेशरम. गाजरासारखे पान ते गाजरगवत. वेड्यासारखी पसरते ती वेडी बाभूळ. ही नावे देणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना त्या वनस्पतींची जन्मभूमी ठाऊक नव्हती. वर्तन ठाऊक होते. आता या नावांशेजारी ‘जलपर्णी’ ठेवा. किती सुरेख, किती सोज्ज्वळ! नदीचा श्वास कोंडणाऱ्या वनस्पतीला हे नाव कोणी संस्कृतज्ञाने खुर्चीत बसून दिले असावे अशी आम्हाला दाट शंका आहे. आणि ‘सुबाभूळ’? त्या ‘सु’मध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांतील सगळा सरकारी-निमसरकारी उत्साह साठवलेला आहे. चारा, सरपण, खत, सर्व काही देणारे झाड म्हणून ते वाटले गेले, लावले गेले. गिरिपुष्पाचेही तेच, पुण्याच्या टेकड्यांवर ते वनखात्याने लावले. आज त्यांची गणना आक्रमकांत होते. आक्रमणे आमंत्रणपत्रिका पाठवूनही होतात, हे नावांच्या इतिहासावरून दिसते. अक्षांश-रेखांशांवरून दिसत नाही.

तथापि लोकनामांची आरती ओवाळून आम्हाला थांबता येणार नाही. लोकनामे चुकतात, आणि कधी कधी फसवतात. ‘रानतुळस’ हे नाव तुळशीच्या कुळातील इथल्या रानटी जातींनाही आहे आणि अमेरिकेतून आलेल्या, माळच्या माळ व्यापणाऱ्या एका उपद्रवी झुडपालाही. नावात तुळस आहे म्हणून ते झुडूप उपटायला हात न धजावणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पिवळा धोत्रा हा धोत्रा नव्हेच. आणि ‘काँग्रेस गवत’ या नावाभोवती तर एक संपूर्ण दंतकथा उभी आहे : पी.एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते बी भारतात आले. ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. अन्नासाठी परावलंबी झालेल्या देशाच्या शेतात परक्या गव्हातून विष उगवते, यापेक्षा नेटके रूपक कोणते? परंतु तारखा पाहाव्यात. गाजरगवत पुण्यात दिसले १९५५ साली, आणि मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात त्याची नोंद आली १९५६ मध्ये. पी.एल. ४८० कायद्याखालील भारताचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. करारापूर्वीच झाड उगवून बसले होते! त्याआधीही अमेरिकन गहू अन्य मार्गांनी येत होता, तेव्हा गव्हाचा संबंध सर्वस्वी नाकारता येत नाही. पण रूपक नेटके आहे म्हणून घटना खरी ठरत नाही, हे आम्ही समीक्षा शिकवणाऱ्यांनी तरी विसरायला नको होते. (त्याच वनस्पतीला ‘चटकचांदणी’ असेही म्हणतात. ते नाव ठेवणारा रसिक कोण, कोणास ठाऊक.) योगायोग असा की दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ही १९५६ चेच. एकाच वर्षी आपल्या भाषेला झाडाफुलांचे एक अपूर्व पुस्तक मिळाले आणि आपल्या माळांना त्यांचा सर्वांत चिवट शत्रू. त्यांतील एक आपण अभ्यासक्रमात लावले. दुसरे अभ्यासक्रमाबाहेर, वर्गाच्या खिडकीखालीच, वाढत राहिले.

‘शत्रू’ हा शब्द आम्ही लिहून गेलो. तो तसाच राहू देतो, कारण त्यावरून आमचे काही मित्र आम्हाला पकडणार हे आम्हाला माहीत आहे. परकीय, आक्रमक, घुसखोर, निर्मूलन या शब्दांत माणसांविषयीचा द्वेष लपलेला आहे, असे प्रतिपादन अलीकडे चर्चासत्रांत आम्ही ऐकतो. त्यात तथ्य नाही असे नाही. हे शब्द वनस्पतींपाशी थांबत नाहीत. म्हणूनच ‘परकीय’ आणि ‘आक्रमक’ यांची फारकत केली पाहिजे. २०२३ मध्ये आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभर नव्या प्रदेशांत नेलेल्या जाती ३७,००० हून अधिक, आणि त्यांपैकी उपद्रवी ठरलेल्या ३,५०० हून अधिक. म्हणजे दहांतली एक. उरलेल्या नवांमध्ये आपली मिरची आहे, बटाटा आहे, टोमॅटो, पेरू, सीताफळ, काजू आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूदेखील मेक्सिकोचा. त्यांना कोणी बाहेर काढा म्हणत नाही. पण या मित्रांचा युक्तिवाद येथून पुढे घसरतो. रानमोडी हे स्थलांतरिताचे रूपक आहे असे म्हणून ते रानमोडीविषयी बोलणेच बंद करतात. गाजरगवताने व्यापलेल्या गायरानात गुरे चरत नाहीत. चुकून खाल्ले तर दूध कडू होते. ते उपटणाऱ्या बायांच्या हातांना आणि मानेला पुरळ उठून खाज सुटते. घाणेरीचा पाला गुरांना विषारी आहे. ज्या धनगराची चराई गेली त्याच्यापुढे रूपकाची चिकित्सा करून पाहावी. रूपकाला घाबरून वस्तू न पाहणे आणि यंत्राचे ऐकून वस्तू न पाहणे, यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही.

आता ‘नियंत्रण’. ओळखले म्हणजे आवरले, अशी एक समजूत या ॲपांबरोबर पसरत आहे. गाजरगवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे लागते. एका झाडाला हजारो बिया येतात. त्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी आणला, पुढे तो सोडला गेला, पावसाळ्यात तो काम करतो, उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो. घाणेरी एकदा काढून भागत नाही. बुलबुल तिची फळे खाऊन बिया पुन्हा आणून टाकतात, म्हणून मोकळ्या जागेवर गवत किंवा स्थानिक झाडोरा लावावा लागतो आणि काही वर्षे येऊन येऊन रोपे वेचावी लागतात. हे काम मजुरीचे आहे, चिकाटीचे आहे, आणि त्यात छायाचित्र काढण्याजोगे फार थोडे आहे.

जलपर्णीचे उदाहरण तर अधिक बोलके. मुळा-मुठा असो, पवना असो, कोल्हापूरचा रंकाळा वा पंचगंगा असो, दरवर्षी जलपर्णी वाढते, दरवर्षी ती काढण्याचे ठेके निघतात, दरवर्षी ती परत येते. शेंबडे पोरही तिला ओळखते. तिच्यासाठी ॲपची गरज नाही. ती ज्यावर पोसते ते नत्र आणि स्फुरद नदीत येते कोठून? प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्यातून. ॲपच्या चौकटीत पान येते. नाला येत नाही. आणि नाल्याचे छायाचित्र काढून विचारले तर कोणतेही ॲप त्याच्या मालकाचे नाव सांगणार नाही. विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल देऊन पाने टिपायला पाठवणे सर्वांच्या सोयीचे आहे, ते यासाठी. दोष वनस्पतीचा ठरतो, तिच्यावर कारवाई होते, प्रमाणपत्रे वाटली जातात.

कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची व्याख्या प्रथमच आली, आणि ती भारताच्या सीमेशी बांधलेली आहे. झाडांना सातबारा ठाऊक नसतो, देशाची सीमा तर नाहीच. याउलट जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती हवी, आणि २००४ च्या नियमांनी त्या समितीवर गावच्या माणसांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम सोपवले होते. आमच्या मावशींसारख्यांना लेखी स्थान देणारी ती एक कायदेशीर जागा. आमच्या गावची नोंदवही आम्ही मागून पाहिली. कारवी तिच्यात नाही. पण ती नोंदवही करण्याच्या वेळी आम्ही कोठे होतो? आम्ही त्याच गावात राहतो, बोलीभाषांवर शोधनिबंध वाचतो, आणि कोणी आम्हाला बोलावले नाही म्हणून आम्ही गेलो नाही.

हाच मुद्दा आम्हाला सर्वांत अधिक सलतो. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने ठिकठिकाणी देशी नावे नोंदवली. तो परका, अधिकारी वर्गातला. आज या ॲपांमध्ये आणि संकेतस्थळांवर मराठी नावासाठी जागा ठेवलेली असते, ती कोणीही भरू शकतो, आणि कितीतरी वनस्पतींपुढे ती रिकामी आहे. ती रिकामी ठेवण्याचे कारस्थान कोणत्याही परदेशी कंपनीने केलेले नाही. नावे गावागावांत आहेत, जिल्ह्यागणिक बदलतात, एकाच झाडाची पाच आणि एका नावाची तीन झाडे सापडतात. ती गोळा करणे, पडताळणे, कोणते नाव कोणत्या तालुक्यातले हे लिहिणे हे वनस्पतिशास्त्राइतकेच भाषेच्या विभागाचे काम. आमच्या विभागातून आजवर निसर्गकवितेवर किती प्रबंध झाले ते मोजून पाहिले. संख्या सांगण्याजोगी आहे. त्यांतील कोणत्या संशोधकाने कवितेतले झाड रानात जाऊन पाहिले, हे विचारण्याचे धाडस झाले नाही. आम्ही स्वतः पाहिले नव्हते.

यंदाचे परिपत्रक गेल्या आठवड्यात आले. मजकूर तोच, ॲप मात्र नवे. आम्ही उत्तरादाखल कळवले आहे की, मोहिमेस आमची तयारी आहे. परंतु खणण्यापूर्वी प्रत्येक जागेवर वाडीतील एक जाणते माणूस सोबत असेल, त्याला दिवसाची मजुरी द्यावी लागेल. ॲपने नाव सांगितल्यावर पान चुरगळून, खोड चाचपून, त्या माणसाला विचारून मगच कुदळ लागेल. शंका असेल तेथे एक पावसाळा थांबू. आणि विद्यार्थी नोंदीत प्रथम स्थानिक नाव लिहितील. मजुरीच्या रकान्यासाठी तरतूद नसल्याचे तोंडी सांगण्यात आले आहे. मावशींना आम्ही विचारून ठेवले आहे. त्या येतो म्हणाल्या, फक्त भाताची लावणी उरकू द्या म्हणाल्या.